दोन वायरींचा जिन

बसऱ्यातल्या त्या खाजगी इस्पितळात सर्व्हरच्या खोलीपुढे माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होती. आत मुल्ला गझबान रबरी पाइपाने मिझहिरला झोडपत होता आणि प्रत्येक फटक्यासरशी जिनाला दम देत होता.

"डाव्या कानातून नीघ. उजव्यातून निघालास तर याचा डोळा जाईल, सांगून ठेवतो."

जिनालाही बाहेरचा रस्ता दाखवावा लागतो, असा हा मुल्ला.

मिझहिर दुपारपाळीचा ऑपरेटर. आदल्या दुपारी त्याच्या पाळीत सर्व्हर बंद पडला, एका बाळंतिणीचा रक्तगट वेळेत दिसला नाही आणि ती दगावली. तिचा नवरा लफ्ता आता मिझहिरचे हात मागे पिरगाळून उभा होता. मुल्लाला बोलावलं होतं मॅनेजर सब्रीसाहेबांनी. सर्व्हर याच्याच पाळीत बंद पडतो, तेव्हा जिनाने यंत्राला नाही, माणसालाच धरलंय, हा शोधही साहेबांचाच.

इस्पितळाची नेटवर्क इंजिनियर इब्तिहाल कोपरं खुपसत गर्दीतून पुढे आली, तेव्हा मिझहिरचा सदरा रक्ताने पाठीला चिकटला होता.

"जिन आता या पेटीत शिरलाय," मुल्ला ओरडला. "हिची नाडी उपटतो आणि माझ्या फुंकरीवर हिला जिवंत ठेवतो. बघा."

त्याने सर्व्हरची वायर हिसडली. हिरवे दिवे तसेच लुकलुकत राहिले. लोक हुंदके देऊ लागले. त्या भरात लफ्ताच्या मुठीत मिझहिरचं मनगट कडकन मोडलं, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

"आता दुसरी उपटा ना, मुल्लाजी," इब्तिहाल म्हणाली.

"जिनाशी खेळू नकोस, पोरी."

"मागे आणखी एक वायर आहे. तुमच्या फुंकरीवर चालतंय ना? मग ओढा की."

मुल्लाने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

तिने उपटलेली वायर परत खोचली आणि दारात छाती पिटणाऱ्या मिझहिरच्या आईला आत घेतलं. "खाला, ही दुसरी तुम्ही ओढा."

म्हातारीने ती ओढली. दिवे तसेच.

"तुम्हीही पोचलेल्या निघालात, खाला," इब्तिहाल म्हणाली आणि गर्दीकडे वळली. "सरकारी वीज गेली की तुमच्या घरात गल्लीतल्या जनरेटरची लाइन चालते ना? या सर्व्हरलाही तशाच दोन लाइनी आहेत, फक्त इथला जनरेटर दिवसभर चालूच असतो. एक गेली तरी दुसरी त्याला चालवते. यंत्र बनवणाऱ्यानेच तशी सोय केलीय."

"मग काल का बंद पडलं?" लफ्ताचा आवाज फाटला होता.

"जनरेटरच्या लाइनीवर साहेबांच्या केबिनचा कूलर लावला होता. सर्व्हरच्या दोन्ही वायरी सरकारी लाइनीवर. उन्हाळ्यात ती दुपारीच जाते आणि याची पाळी दुपारची, एवढाच याचा गुन्हा. आज सकाळी मी कूलर काढून वायर जागेवर लावली आणि साहेबांना तसं सांगितलं. त्यानंतर लगेच या मुल्लाला चमत्कार सुचला."

लफ्ताने मिझहिरला सोडलं आणि मुल्लाच्या हातातला पाइप हिसकावला. पहिल्याच तडाख्यात मुल्लाचा गाल फाटला. पुढचा साहेबांच्या तोंडावर बसला, दात फरशीवर पडला. गर्दी आत घुसली. इब्तिहाल मध्ये पडली, आणि पाइप तिच्या खांद्यावर आला. ती कळवळली, पण हलली नाही.

"मघाशी मुल्ला म्हणाला म्हणून मारलंत. आता मी म्हणते म्हणून मारताय. अरे, मला तरी विचारा, खरं कशावरून? वायरी समोर आहेत, स्वतः ओढून बघा. या दोघांना पोलिसांत द्या. आणि ज्यांनी याला धरून ठेवलं होतं त्यांनी स्ट्रेचर आणा."

लफ्ताने खरंच एकेक वायर ओढून पाहिली. मग पाइप टाकला आणि स्ट्रेचरचा दांडा धरला.

उचलताना मिझहिरचे सुजलेले ओठ हलले. "ताई, निघाला का तो माझ्यातून?"

"तो नव्हताच, मिझहिर."

"मग मला मारलं कशाला?"