उंबरठ्याजवळचा लाल थेंब

चपला तिकडेच काढा आणि आत या. मी बोलतेय, उंबरठ्याच्या आतली पहिली लादी. उमेळ्याच्या या घरात कोण आलं, काय घेऊन आलं, सगळ्यात आधी मला कळतं. चौकशांची खोड म्हणा हवं तर.

माझा जन्म शेजारच्या पापडी गावातला. युजीन नावाचा कारागीर साच्याच्या कप्प्यांत रंगीत पातळ सिमेंट पळीने ओतायचा, वर कोरडा माल पसरून दाबायचा. माझ्या पाकळ्या भरत असताना देवळाची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा वाजली. युजीनने सवयीने क्रुसाची खूण केली, पण हातातली पळी खाली ठेवायला विसरला. लाल थेंब पांढऱ्या कप्प्यात पडला आणि थेट तळाला, म्हणजे साच्यात पालथ्या असलेल्या माझ्या तोंडावर, जाऊन बसला. "असू दे," तो म्हणाला, "प्रार्थनेतच पडला ना."

काशीरामने लाद्या घरी आणल्या तेव्हा त्याची यमुना नवी नवरी होती. गवंडी मला पलंगाखाली लपवणार होता. यमुनाला वाटलं, कुंकवाचा थेंब आहे. शुभ म्हणून तिने मला दारातच बसवून घेतलं. क्रुसाच्या खुणेचं कुंकू झालं. मीही गप्प राहिले.

त्यांचा जितेंद्र रांगत यायचा आणि गुंज समजून तो थेंब नखाने उचलू बघायचा. पाहुण्या बायका कुंकू सांडलं म्हणून पुसायला वाकायच्या. यमुना पदराआड हसायची.

आता काशीराम नाही. यमुनाची नजर धुरकट झालीय. पांढऱ्यात लाल दिसलं की उंबरठा आला, एवढं तिला कळतं.

यंदा जितेंद्रने मुलाच्या, मितेशच्या लग्नासाठी घरभर चकचकीत टाइल्स घालायचं काढलं. ती एक लादी राहू दे, असं यमुनाने सांगून पाहिलं.

"आई, डाग आहे तो. सुनेच्या माहेरचे हसतील."

"तू गुंज म्हनून उचलायचास, तव्हा नाय हसलं कोनी."

तरी मला उपटलं. कोपरा उडाला. कुंपणाजवळच्या डबरात जाऊन पडले.

नव्या टाइल्स बसल्या. संध्याकाळी यमुना अंगणात यायला निघाली आणि दाराशी अडली. एक पाय उचलून तशीच उभी, लाल शोधत. सगळीकडे एकसारखं पांढरं. शेवटी भिंत धरून ती तिथेच खाली बसली.

जितेंद्रने ते पाहिलं. डबर उपसून त्याने मला काढलं, नळाखाली धुतलं आणि मिस्त्रीपुढे ठेवलं. मिस्त्री कुरकुरला, "शेठ, मॅच नाय होणार. उठून दिसेल."

"दिसायलाच पाहिजे," जितेंद्र म्हणाला.

तेव्हा चकचकीत मंडळींच्या पंगतीत मी आपली तुटक्या कोपऱ्याची पुन्हा बसलेय. लवकरच आर्या सून होऊन येईल. तांदळाचं माप माझ्यावरच ठेवायचं ठरलंय.

तुम्हीही या लग्नाला. लाल थेंब दिसला की कुंकू समजून पुसायला वाका. तो निघणार नाही, ते मला माहीत आहे. पण वाकणारीच्या बांगड्या वाजल्या की यमुनाला कळतं, आणि ती अजून तशीच पदराआड हसते.