पन्नास प्रश्नांची पंगत

सिंधूताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. पन्नास प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका आठ कॉम्प्युटरांवर पोचायला तब्बल अकरा मिनिटं लागली, आणि परीक्षा मंडळाचे हिंमतराव घड्याळ धरून समोर उभे! नियम दोन मिनिटांचा. आठ जागा आणि दोन मिनिटं जमली, तरच सिंधूताईंच्या कॉम्प्युटर वर्गाला मेहकरचं परीक्षा केंद्र मिळणार होतं.

"चारची बस आहे माझी. तोवर जमलं तर बघा," म्हणत हिंमतराव जेवायला गेले.

बाकावर दुसरबीडचे रंगराव बसले होते. त्यांच्या पुष्पाला ही परीक्षा द्यायची होती. "मेहकरले असंन तं बसवतो, ताई. पोरगी संध्याकाळी घरी येते. अकोल्याले मी काही धाडत नाही," हे त्यांनी आधीच ठणकावलं होतं. पुष्पा इतकी हुशार, की सिंधूताईंच्या चुका तीच काढायची. ती घरी बसणार या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

"ताई, हे तीन जुनी धुडं काढून फेका," वायरिंग करणारा दयाराम म्हणाला. "फ्लॉपीवर चालून राह्यले अजून. नवे पाच पाहा कसे पयतात!"

"मंग आठ जागा कुठून आणू बे? तुह्या डोक्यावर बसवू पोरी?"

ताईंनी तारा तपासल्या, जोड तपासले. तार ठणठणीत! अख्खी प्रश्नपत्रिका तिच्यातून सेकंदात कितीदा तरी गेली असती. मग वेळ खातंय कोण? त्यांनी स्वतःच लिहिलेला प्रोग्राम उघडला आणि एकेक ओळ वाचत गेल्या.

पहिला प्रश्न पहिल्या कॉम्प्युटरला द्यायचा, 'पोचला' असा निरोप येईस्तोवर थांबायचं, मग दुसऱ्याला द्यायचा. आठही जणांचा निरोप आल्याशिवाय पुढचा प्रश्न हलायचाच नाही. जुनी तिघं प्रत्येक प्रश्न फ्लॉपीवर कुरकुरत उतरवून घेणार आणि नवी पाच तोवर हात बांधून बसणार!

"अगं बाई! ही तर उंद्रीची पंगत झाली!"

उंद्री त्यांचं माहेर. तिथं शेवटच्या पानावर वाढून होईस्तोवर कुणी घासाला हात लावत नसे. तीच रीत बाईसाहेबांनी मोठ्या शिस्तीनं प्रोग्राममध्ये घालून ठेवली होती. त्यांना हसू आलं आणि स्वतःचा रागही आला.

"दयाराम, पंगत मोडली. आता ज्याचा त्याचा डबा बांधून देऊ."

पन्नासच्या पन्नास प्रश्न एका गठ्ठ्यात, आठही जणांना लागोपाठ, कुणासाठी न थांबता. निरोप द्यायचा तो एकदाच, सगळं उतरवून झाल्यावर. लिहिता लिहिता तीन वाजून गेले. चहा निवून गेला, तो कुणी प्यायला नाही.

हिंमतरावांनी पुन्हा घड्याळ धरलं. नवी पाच डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार. जुनी कुरकुरायला लागली. एक आलं, दुसरं आलं. तिसऱ्यानं मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला लावला आणि मग 'पोचला' उमटलं.

"पंचावन्न सेकंद," हिंमतराव म्हणाले आणि कागदावर सही करून चारच्या बसकडे पळाले.

सिंधूताई मटकन खुर्चीत बसल्या. रंगराव बाकावरून उठून टेबलाशी आले.

"ताई, फारम द्या."

"हे घ्या, पुष्पाचा."

"एक नाही," रंगराव म्हणाले, "दोन द्या. धाकटीबी बसंन."