केसरबाईंचा बंदोबस्त

मी सरकारी मोजणीदार. लोकांचे बांध मोजतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. माढ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून केसरबाईंचं रान आहे. त्यांचा नवरा वारल्यापासून शेजारचा अजिनाथ दर नांगरटीला बांध कोरतोय. कोरत कोरत तो त्यांच्या बोअरपाशी येऊन ठेपला होता. यंदा त्यानं तिथं ज्वारी पेरली की बोअर गेलंच म्हणायचं, आणि बाईंकडं पाण्याचं दुसरं काही नाही. मागच्या खेपेला मी मोजायला गेलो, तर या गड्यानं माझं यंत्र उचलून ओढ्यात टाकलं. म्हणून या वेळी केसरबाईंनी दोन शेळ्या विकून पोलीस बंदोबस्ताचे रीतसर पैसे भरले.

मोजणीच्या आदल्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, माणसं देता येत नाहीत. कुठल्याशा देशाचे पंतप्रधान सोलापुरात उतरून मोटारीनं साखर कारखाना बघायला येणार होते. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे सगळे पोलीस त्यांच्या वाटेवर. माझं डोकंच फिरलं. पाहुण्याला हजार माणसं, तीही सरकारी खर्चानं. आणि जिनं स्वतः पैसे भरले तिला दोन मिळेनात!

"तारीख पुढं ढकलू," मी केसरबाईंना फोनवर म्हणालो.

"पुढं कुटं, साहेब? परवा पेरणी हाय त्याची. तुमी या की."

गेलो, जीव मुठीत धरून. रानाजवळ पोचलो आणि बघतच राहिलो. रस्त्याच्या कडेनं हाकेच्या अंतरावर एकेक पोलीस उभा. केसरबाईंच्या बांधाच्या टोकालाही एक होता. गंमत म्हणजे सगळ्यांची पाठ रस्त्याकडं आणि तोंड शिवाराकडं.

"असं उलटं का वो उभं?" केसरबाईंनी बांधावरच्या पोलिसाला विचारलं.

"आर्डरच तशी हाय, मावशी," तो म्हणाला. विरेश त्याचं नाव, अक्कलकोटचा. "पाव्हण्याकडं बघायचं न्हाय. रानात कोण काय करतंय, त्यावर नजर ठेवायची."

"मग ठेवा की." बाई माझ्याकडं वळल्या. "लावा साहेब यंत्र."

अजिनाथ आला तो काठी घेऊनच. रानाच्या मधोमध येऊन त्यानं ती उगारली.

"ए, काठी खाली!" विरेश जागेवरूनच ओरडला. "पाव्हणा जाईस्तवर कुणाच्या हातात काय दिसाया नगं!"

पुढच्या पोलिसानं शिट्टी मारली, त्याच्या पुढच्यानंही मारली. रांगेतली सगळी तोंडं अजिनाथकडं वळली. तो काठी टाकून मुकाट बाभळीखाली जाऊन बसला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! उभ्या नोकरीत इतकी निवांत मोजणी मी केली नव्हती. बोअर केसरबाईंच्याच हद्दीत निघालं, चांगलं आत. माझ्याबरोबरच्या गड्यांनी हद्दीचे दगड रोवले.

उन्हं कलल्यावर वायरलेसवर निरोप आला. पाहुणे सकाळीच हेलिकॉप्टरनं परस्पर जाऊन आले होते. विरेश मटकन बांधावर बसला. बूट काढले तर पाय सुजलेले. पोराची दयाच आली मला. केसरबाईंनी त्याच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला.

"सगळा दिवस फुकट गेला बगा, मावशी," तो म्हणाला.

केसरबाईंनी नव्या दगडाला हात लावून तो हलतोय का ते पाहिलं.

"फुकट कसा?" त्या म्हणाल्या. "पैसे मी भरलेत की."