दीड इंची फळ्या

परसातला फणस वैशाखातल्या वादळात आडवा झाला, तेव्हा हरिश्चंद्र सुतारापेक्षा त्याची बायको तुळसाच जास्त हळहळली. पण दोन दिवसांनी विषय तिनंच काढला. गुडघे गेल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नव्हतं. आणि जन्मभर गावाची दारं-खिडक्या करणाऱ्या या माणसाच्या पडवीत बसायला साधा बाक नव्हता. तुळसा पालथ्या बालदीवर बसून रस्ता बघायची.

"अवो, ह्याचा मला बाक करा," ती म्हणाली.

हरिश्चंद्रानं ओंडका टेम्पोत घालून रत्नागिरीच्या सॉमिलमध्ये नेला आणि दीड इंची फळ्या पाडून आणल्या, हळदीसारख्या पिवळ्या. परसातल्या खोपीत दर दोन फळ्यांमध्ये वाऱ्यासाठी पट्ट्या घालून त्यानं थप्पी रचली, फळ्या तडकू नयेत म्हणून टोकांना शेण लिंपलं आणि निकाल दिला, "इंचाला एक वर्स. ही दिवाळी सोडून पुढच्या दिवाळीला बाक."

"तवर मी बालदीवरच?"

"ओल्या लाकडाचा बाक वाकडा होतो गो. सुताराच्या घरात वाकडा बाक? लोक शेण घालतील तोंडात."

"वाकडा तर वाकडा! मी तरी कुठं सरळ ऱ्हायले?"

तो हसला, पण ऐकलं नाही. आपल्या कामापुढे त्यानं कधी कुणाचं ऐकलं होतं! पहिली दिवाळी गेली, शिमगा गेला, मे महिन्याचं ऊन कौलं तापवून गेलं. तुळसा अधूनमधून टोमणा मारायची, "सुतार, पिकली काय तुमची फळ्यांची अढी?" तो बोटं मोजून उरलेले महिने सांगायचा. थप्पी मात्र एकदाही उघडली नाही.

आषाढात तुळसाला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

रिवाजाप्रमाणे चितेसाठी घरटी एक लाकूड आलं. पण आठ दिवस पाऊस खळला नव्हता, प्रत्येक लाकडातून पाणी गळत होतं. शेजारचा बाबल्या बराच वेळ घुटमळला आणि खाली बघत म्हणाला, "काका, ही पेटायची नायत. तुमच्या खोपीत..."

हरिश्चंद्र उठला. कुणाला हात लावू न देता त्यानं थप्पीवरची पहिली फळी उतरवली. ती हाताला हलकी लागली. त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर फळी खणखणीत वाजली. मग एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली. कुठं पीळ नाही, वाक नाही. करवत लावली तर कोरडा, पिठासारखा भुसा उडाला.

"बाबल्या," तो म्हणाला, "अरे, ही मे म्हयन्यातच सुकली असणार. मी बघितलंच नाय रे. नुसता म्हयने मोजत बसलो."

बाबल्यानं करवत मागितली. हरिश्चंद्रानं ती दिली नाही. बाक म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं. तुळसा ताप येईपर्यंत पडवीत बाकावर बसून पाऊस बघू शकली असती. हरिश्चंद्रानं दुसरी फळी खाली घेतली आणि चितेच्या मापानं खूण केली.