खिडकीजवळची कॉट

"खिडकीजवळची कॉट तुझी," काकू म्हणाली आणि हो-नाही म्हणायच्या आत तिने फौजदारची बॅग उचलून त्या कॉटवर ठेवलीसुद्धा.

फौजदार दारातच थबकली. टिटवीने तिच्या खांद्यावरून 'होणारी नवरी' असं सोनेरी अक्षरांत छापलेला पट्टा घातला होता, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढवला होता, आणि बेचाळिसाव्या वर्षीचा हा अवतार पाहून भाड्याच्या त्या घराच्या राखणदारानेही किल्ली देताना तोंड फिरवलं होतं. तेवढं सगळं तिने मुकाट सहन केलं. पण खिडकी?

"मला का?"

"अगं, नवरी ना तू! समुद्र दिसतो तिथून."

"समुद्र व्हरांड्यातूनही दिसतो."

"घे ना बाई," दाराजवळच्या कॉटवर टेकत बारकी म्हणाली. "जिथे तिथे हिची उलटतपासणी."

तिघी हसल्या. टिटवीचं हसणं जरा आधीच थांबलं, आणि फौजदारच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

चौघी कॉलेजात असताना हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिल्या होत्या; काकू, टिटवी, बारकी, फौजदार ही नावंही तिथेच पडलेली. खोलीत चार कॉटा आणि एकच खिडकी. खिडकीवरून सुरुवातीला भांडणं झाली आणि मग कुणीही न ठरवता एक रीत पडली. जिच्यावर काही बेतलं असेल तिला खिडकी. टिटवीचे वडील गेले, ती गावाहून परतली, तर तिची गादी खिडकीखाली घातलेली होती. कुणी सांत्वनाचं अवाक्षर काढलं नाही. बोलायचं नाही, खिडकी द्यायची, एवढंच.

फौजदारला ती एकदाच मिळाली होती. शेवटच्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी ती वर्गावरून आली, तर तिची चादर खिडकीजवळच्या कॉटवर नीट खोचलेली. काकू कपडे घडी करत होती, बारकी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. फोन काकूने घेतला होता. मुलाकडच्यांनी नकार कळवला, हे फौजदारला माणसांनी सांगायच्या आधी त्या चादरीने सांगितलं. नंतर वीस वर्षांत तिने लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही.

आणि आता लग्न पुन्हा ठरलेलं असताना पुन्हा खिडकी. म्हणजे यांना काहीतरी कळलंय आणि मला कळायचंय, असं तिने ताडलं.

संशय हा तिचा स्वभाव होताच, पण नोकरीनेही त्याला खतपाणी घातलं होतं. बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर ती बसायची. लोक यायचे, फळीवरच्या चांगल्या छत्रीकडे बोट दाखवून "तीच माझी" म्हणायचे, आणि ही विचारायची, "मूठ कसली होती? एखादी काडी वाकडी होती का?" निम्मे लोक तिथेच गार व्हायचे. घडाघडा बोलणारा माणूस खोटा आणि डोकं खाजवणारा खरा, असा तिचा अनुभव होता. कॉलेजातलं टोपणनाव तिने नोकरीत सार्थ केलं होतं.

होणारा नवरा तिला त्याच खिडकीवर भेटला. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, विधुर, कानाच्या वर केस पांढरे. छत्री विसरली म्हणून आला होता. तिने गडबडीत एक लाकडी मुठीची नवीकोरी छत्री पुढे केली. त्याने ती उघडून पाहिली, मिटली आणि परत दिली. "ही फार चांगली आहे हो," तो म्हणाला. "माझी नव्हे." तिने अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या माणसावर तिचा जीव जडला तो तिथे, आणि या वयात जडलेला जीव फार घाबरट असतो.

दुपारी चौघी वाळूत उतरल्या. काकू आणि टिटवी घोट्याएवढ्या पाण्यात किंचाळत होत्या. बारकी मात्र आरामखुर्चीत, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून आणि गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती. शाळेत पोरांना पोहायला शिकवणारी ही बाई. कॉलेजात पाण्याचं डबकं दिसलं तरी चपला भिरकावायची.

"तू का गं कोरडी?" फौजदारने विचारलं.

"सर्दी झालीय."

"सर्दीत पोहायचीस की तू."

"तेव्हा नाक नवीन होतं." बारकी हसली, पण नजर समुद्राकडेच ठेवून.

फौजदार तिच्या शेजारी वाळूत बसली. बारकी मास्तरच्याच गावात राहायची. ही सहलही तिनेच ठरवली होती, घाईघाईने. लग्नाला अजून चार महिने होते. इतक्या आधी कोण असल्या पार्ट्या करतं? फौजदारने गळ टाकला. "आमचे मास्तर दिसतात का गं तुला कधी?"

"दिसतात ना. शिकणारी पोरगी गाडी भिंतीला घासते आणि हे शेजारी बसून शांतपणे म्हणतात, आता ब्रेक." बारकी थांबली. मग म्हणाली, "माणूस बरा आहे. करून टाक लग्न."

"करतेच आहे की."

"हो. पण लवकर कर."

"लवकर म्हणजे? का?"

"उगाच गं," बारकी म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

उगाच! फौजदार पाण्यात शिरली खरी, पण लक्ष सगळं किनाऱ्यावर. मागे वळून पाहिलं तर काकू-टिटवी बाहेर आलेल्या आणि तिघींची डोकी एकत्र. काकू वाकून बारकीला काहीतरी विचारत होती, टिटवी पदर डोळ्यांना लावत होती. ही ओल्या अंगाने जवळ गेली तशी काकू मोठ्याने म्हणाली, "मासे तळलेलेच मागवू या, नाही का?"

"रडत होतीस?" फौजदारने टिटवीला विचारलं.

"ऊन लागलं डोळ्यांना."

दिवसभर कंपनीच्या फोनवर बोलून घरी आल्यावर शेजाऱ्यांशी बोलणारी टिटवी, पाण्यातलं किंचाळणं सोडलं तर, सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसली होती. टिटवी गप्प म्हणजे कुणीतरी तिच्याकडून वचन घेतलंय, एवढं फौजदारला पक्कं ठाऊक होतं. मास्तरची पहिली बायको जिवंत असेल. किंवा दुसरी कुणी असेल. गाव लहान, बारकीच्या कानावर आलं असेल, आणि आता तिघी मिळून योग्य वेळ शोधत असतील. सगळं कसं चपखल बसत होतं.

घरामागे, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या आड जाऊन तिने मास्तरला फोन लावला.

"काय म्हणतोय समुद्र?" त्याने विचारलं.

"एक विचारते. खरं सांगाल?"

"विचारा की."

"तुम्ही माझ्यापासून काही लपवलंय का?"

"मिशीला रंग लावतो," तो म्हणाला. "पण ते तुम्हाला दिसतच असेल."

एरवी ती हसली असती. "मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही हो. दुसरं काही आठवत नाही. तुम्हीच विचारा, काय ते."

तो डोकं खाजवत असणार, हे तिला दिसत होतं. तिच्याच नियमाने तो खरा होता. तरी जिभेवर आलेलं बाहेर पडलंच. "आपण लग्न जरा पुढे ढकलू या का?"

पलीकडे कुणीतरी शिकाऊ हाताने हॉर्न वाजवत होतं. "तुम्ही म्हणाल तसं," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान तिने कधी ऐकला नव्हता.

फोन ठेवला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला, आणि तो घेऊन ती तडक स्वयंपाकघरात गेली. काकू चहा करत होती. काकू पाळणाघर चालवायची. तिच्यापाशी कुणाचंही रडणं फार टिकत नसे. फौजदारने दार लोटून घेतलं.

"मास्तरांबद्दल काय कळलंय तुम्हाला?"

"काय कळायचंय?"

"मला बनवू नकोस काकू. खिडकी का दिलीस मला? मागे दिली होतीस तेव्हा काय झालं होतं, ते मी विसरलेली नाही."

काकूच्या हातातला चमचा थांबला. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं देवा. तुला तसं वाटलं?"

"मग कसं वाटायला हवं होतं?"

काकूने गॅस बंद केला. दाराकडे पाहिलं. "तुझं काही नाहीये गं. मास्तरांचं तर मुळीच नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बारकीचं आहे. पोटात गाठ होती. पसरलीय. डॉक्टरांनी औषधं थांबवली, आता दुखू नये एवढंच बघतात."

फौजदारने ओट्याची कड धरली. स्कार्फ, शाल, सर्दी. सगळं सकाळपासून डोळ्यांसमोर होतं आणि तिने ते उचलून स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं.

"मग खिडकी तिला द्यायची ना!"

"तीच नको म्हणाली. एकदा खिडकी मिळाली की सगळ्या हळू आवाजात बोलायला लागतात, म्हणाली. नवरीला द्या, म्हणजे फौजदारला संशय यायचा नाही." काकू हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "तिला ही सहल हवी होती, पण स्वतःच्या नावाची नको होती. तुझं लग्न अजून चार महिन्यांनी. तोवर..." काकूने चहा गाळायला घेतला. "तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने. मी काही बोलले नाही, बरं का."

"नाही बोललीस," फौजदार म्हणाली.

चहा घेऊन दोघी व्हरांड्यात आल्या. बारकीने कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि बाजूला ठेवला. "चवच लागत नाही," ती म्हणाली. "सर्दी काही जात नाही बघ मेली."

टिटवी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. कधीपासून सर्दी, कुठलं औषध घेतेस, स्कार्फ कशाला, असे सगळे प्रश्न फौजदारच्या ओठांवर सवयीने येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यातला एकही विचारला नाही.

"हो गं," ती म्हणाली. "यंदा सर्दीची साथच आहे." मग तिने बाजूला पडलेला मुकुट उचलून डोक्यावर ठेवला. "आणि ए टिटवे, नवरी इथे ताटकळत बसलीय. गाणं म्हण की काहीतरी, का तेही मीच म्हणू?"

टिटवी भसाड्या आवाजात गायला लागली आणि बारकी पोट धरून हसली. ते पोट धरणं फौजदारने पाहिलं आणि ती आणखी मोठ्याने टाळ्या वाजवू लागली.

जेवणाआधी ती पुन्हा टॉवेलांच्या आड गेली.

"मघाशी मी चुकीचं बोलले," ती म्हणाली. "लग्न पुढे नको. आधी घेता येईल का? या महिन्यात. तुमच्याच गावात, साधंच."

"येईल," मास्तर म्हणाला.

"का ते नाही विचारणार?"

"सांगावंसं वाटलं की सांगालच तुम्ही."

तिने तोंडावर ओला टॉवेल दाबून धरला आणि पोटभर रडून घेतलं.

सकाळी अजून नीट उजाडलेलं नसताना तिला जाग आली. कॉट हलल्यासारखी वाटली. पापण्यांच्या फटीतून तिने पाहिलं. पायथ्याशी, अगदी काठावर, बारकी बसली होती. झोपेतून उठून तशीच आलेली, स्कार्फ न बांधता. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि ती एकटक त्याच्याकडे बघत होती.

फौजदारने डोळे मिटून घेतले. झोपेत कूस बदलावी तसे तिने पाय आखडून घेतले आणि कॉटचा खिडकीकडचा भाग मोकळा केला.

थोड्या वेळाने बारकी जरा सरकली आणि खिडकीला टेकून बसली.