वाम वर आली

सकाळचे साडेसहा वाजत होते आणि नदीच्या डोहातले वाम मासे काठाला येऊन तोंडं वर काढत होते.

ती जाळं खाली टाकून काठाशी वाकली. मत्स्य विभागासाठी ती अकरा वर्षं दर महिन्याला याच डोहातले मासे मोजत आली होती. जाळं टाकायचं, जात ओळखायची, लांबी लिहायची, मासा परत सोडायचा. वाम तळाच्या चिखलातली. बोलावूनही वर यायची नाही. तिनं मीटर पाण्यात बुडवला. पाण्यातला प्राणवायू एरवी लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास असायचा. आज आकडा घसरत घसरत दीडवर थांबला. पाण्याला रॉकेलसारखा उग्र वास येत होता.

विभागाच्या साहेबांना तीनदा फोन लावला. उचलेनात.

आणि सातला पंप सुरू होणार होता. त्या पंपाचं पाणी शहर पीत होतं. पंपाच्या गाळणीत गाळ अडकतो, विष नाही.

दोन वाम बादलीत घेऊन ती काठाकाठानं धावत सुटली. पंपघरात तिचे सासरे होते. पंप तेच चालवत.

"बाबा, पंप लावू नका! पाण्यात काहीतरी मिसळलंय. वाम वर आलीये."

"अगं, मासे वर आले म्हणून शहर तहानलेलं ठेवू? तीस वर्षांत हा पंप एकदाही उशिरा लागलेला नाही. वरून सांगू देत, लगेच थांबतो."

"वरचे फोन उचलत नाहीयेत."

"मग माझे हात बांधलेले आहेत, सूनबाई."

सात वाजायला चार मिनिटं होती. तिनं बादली पुढे सरकवली. दोन्ही वाम पोट वर करून पडल्या होत्या.

सासरे वाकले. लहानपणी त्यांनी ढिगानं वाम पकडल्या होत्या. पाण्याबाहेर काढली तरी ती तासभर वळवळत राहते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"कधी धरल्यास?"

"पाव तास झाला."

"नदीच्याच पाण्यात ठेवल्यास?"

"हो."

त्यांचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. "खोटं ठरलं, तर पेन्शन बोंबलली माझी."

"आणि खरं ठरलं तर?"

सात वाजले. त्यांनी हात मागे घेतला. पाचच मिनिटांत फोन खणखणला. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. सासरे म्हणाले, "पाणी चांगलं आहे असं लेखी द्या. मग सोडतो."

लेखी द्यायला कुणी तयार होईना.

अकराला पाण्याच्या तपासणीचा निकाल आला, पाण्यात रसायन होतं. वरच्या अंगाला एका कारखान्याची रसायनाची टाकी फुटली होती. शहरानं चार दिवस टँकरवर काढले. आदेशाशिवाय पंप बंद ठेवला म्हणून सासऱ्यांना नोटीस आलीच. ती त्यांनी खिशात कोंबली आणि ते म्हणाले, "आली तर आली."

वाम वर आल्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती काठावर बसून मेलेले मासे जातवार लावत होती. तिच्या यादीत चौतीस जाती होत्या. ढिगाच्या तळाशी बोटभर लांबीचा, पिवळ्या पट्ट्याचा एक मासा निघाला. अकरा वर्षांत तिच्या जाळ्यात तो कधी आला नव्हता. ओल्या हातानं तिनं त्याची लांबी मोजली आणि पस्तिसावी नोंद केली.