चार नंबरचा पट्टा

कोरपन्याजवळच्या त्या सिमेंट कारखान्यात हजेरीचा महिना सव्वीस तारखेला उघडायचा आणि पंचविसाला मिटायचा. जुनी रीत. दोन हजार आठ साली तिथं डॅशबोर्ड आला, एकाच वेळी पाच खोल्यांतल्या पडद्यांवर दिसणारा. तेव्हा कारखान्याचे मॅनेजर मोहरीलसाहेब यांनी संगणकावर बसणाऱ्या रूहीला फर्मावलं, "बोर्डाचा महिनाही सव्वीसपासूनच धर." खाणीत पाणी भरल्यानं जुलैचा शेवटचा आठवडा निम्माच चालणार होता. तो ऑगस्टात ढकलला की जुलै कसा गुटगुटीत दिसतो! साहेब हिशेबाला पक्के, स्वतःच्या.

रूहीनं उत्पादनाच्या पानावर सेटिंग बदललं. दगड वाहून नेणारा कोणता पट्टा कधी बंद, ते पान मात्र पहिल्या तारखेपासूनच महिना मोजत राहिलं. तिच्या ध्यानात आलं नाही.

पूर्वी पट्ट्याखाली जाणारा फिटर आपला पितळी बिल्ला कंट्रोल रूममधल्या खिळ्याला अडकवून जायचा. बिल्ला लटकतोय तोवर पट्टा हलायचा नाही. बोर्ड आला आणि साहेबांनी खिळे उपटले. म्हातारे फिटर वामनराव कुरकुरले, "माह्या बिल्ल्याले लाइट लागत नाई, साहेब."

साहेब हसले. "बोर्डावर दिसते ना, वामनराव!"

सत्तावीस जुलैला चार नंबरचा पट्टा बंद, अशी नोंद रूहीनंच केली. बोर्डानं ती जुलैत ठेवली, आणि बोर्डाच्या लेखी जुलै पंचवीसलाच संपून ऑगस्ट लागला होता; ऑगस्टात बंद पट्टा एकही नव्हता. कंट्रोल रूममधल्या बिलालला चार नंबर हिरवा, म्हणजे चालू करायला मोकळा, दिसला. त्यानं बटण दाबलं. वामनराव खाली ग्रीस भरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीचे अधिकारी येणार होते. गेटबाहेर वामनरावांची बायको रुखमा बसून होती. रडणं संपलेलं, उठणं होत नव्हतं. साहेब रूहीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"चूक सापडली?"

"सापडली. दोन पानाईचे दोन महिने झाले. एकच केला का दुरुस्त होते. पन मंग कालचा चार नंबर लाल दिसन. मागचंबी सारं बदलते."

"लालच दिसायला पाहिजे. पट्टा बंद होता ना?"

"बिलालभाईले हिरवा दिसला, साहेब."

"असं बिलाल म्हणतो." साहेबांनी चहाचा कप तिच्या माउसशेजारी ठेवला. "आणि सव्वीसचा महिना कोणाच्या पासवर्डानं लागला?"

"तुमीच तं सांगतलं होतं."

"लेखी?"

रूहीनं कपाकडे पाहिलं. मग दोन्ही पानांचा महिना पहिल्या तारखेवर आणला आणि सेव्ह केलं. दुरुस्ती अगदी बिनचूक होती, एक दिवस उशिरा.

अधिकारी दारातून आत येताहेत तोच फोन वाजला. कंट्रोल रूम.

"रूहीआपा, लाल झाला! माह्या डोयासमोर आता लाल झाला! काल हिरवा होता, तुमी सांगा ना त्यायले!"

अधिकाऱ्यानं खुर्ची ओढली, पेन उघडलं. "बाई, काल चार नंबर कंट्रोल रूममध्ये कसा दिसत होता?"

साहेब खिडकीबाहेर गेटाकडे पाहत होते. रूहीनं रिसीव्हरवर तळवा दाबला. पडद्याकडे बोट केलं.

"बोर्डावर दिसते ना, साहेब."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. तळव्याखाली बिलाल अजून बोलत होता.